काळे पट्टे राहू द्या, सोफा पुढे ओढा

त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: घरातला ४३ इंची टीव्ही काढून ५५ इंची घेतला. सिनेमा लावला की वर-खाली काळे पट्टे येतात. सासरे म्हणतात, ‘‘पैसे अख्ख्या टीव्हीचे देल्ले, अन् पिक्चर पाऊणच दिसून राहिला.’’ मुलाने रिमोटवरून झूम करून पट्टे घालवले, तर आता सबटायटलची खालची ओळ कापली जाते. जुने मराठी सिनेमे लावले की त्यातली सगळी माणसं लठ्ठ दिसतात. कोणतं सेटिंग बरोबर? टीव्हीतच तर काही दोष नाही ना?

टीव्हीत दोष नाही. मुलाने केलेलं झूम आजच काढा. पट्टे दिसतात तेव्हा सिनेमा पूर्ण दिसत असतो, आणि पट्टे गेले की समजायचं, सिनेमाच्या दोन्ही बाजू गेल्या. एवढं सांगून उत्तर संपवता आलं असतं, पण सासरेबुवांची तक्रार मला खोटी वाटत नाही. मी आधी टॉकीजच्या केबिनमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली होतो, नंतर टीव्ही दुरुस्त केले, आता घरोघरी होम थिएटर बसवून देतो. तिन्ही ठिकाणी हेच भांडण पाहिलं आहे, आणि दर वेळी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं.

सासरेबुवांच्या वयाच्या माणसाने नागपुरात सिनेमे पाहिले ते टॉकीजमध्ये. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावं टॉकीजवरूनच पडलेली. तेव्हा पोस्टरवर ‘सिनेमास्कोप’ किंवा ‘७० एमएम’ ठळक छापायचे, कारण त्याचा अर्थ प्रेक्षकाला ठाऊक होता: आज पडदा मोठा दिसणार. आणि तो खरंच मोठा दिसायचा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या कापडाचं मास्किंग असतं. साधा, म्हणजे आमच्या भाषेत ‘फ्लॅट’ पिक्चर असला की ते आत घ्यायचं. स्कोप असला की दोन्ही बाजूंना सरकवायचं. उंची तेवढीच राहायची, रुंदी वाढायची. न्यूजरील किंवा जाहिराती संपून मास्किंग सरकायला लागलं की थिएटरमध्ये कुजबुज थांबायची.

घरच्या टीव्हीवर हे नेमकं उलटं होतं. टीव्हीची रुंदी ठरलेली. मालिका किंवा क्रिकेट लावलं तर चित्र पूर्ण पडदा भरतं आणि जो सिनेमा सगळ्यात भव्य म्हणून काढलेला, तोच वरून-खालून आक्रसतो. टॉकीजमध्ये जे सगळ्यात मोठं होतं ते घरी सगळ्यात बुटकं झालं. सासरेबुवांना खटकतं ते हे, आणि ते खटकायलाच पाहिजे. फक्त त्यावरचा उपाय झूमच्या बटणात नाही.

हे आकार वेगवेगळे का, ते सांगतो, कारण ते कळलं की सेटिंग पाठ करावं लागत नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्राला चार छिद्रांची उंची दिली गेली, आणि त्यातून रुंदी-उंचीचं प्रमाण निघालं ४:३, म्हणजे १.३३. बोलपट आले तेव्हा फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी घालावी लागली. ते धरून हॉलिवूडने १९३२ मध्ये १.३७ हे प्रमाण पक्कं केलं. डोळ्यांना दोन्हींत फरक कळत नाही. ‘संत तुकाराम’ १९३६ चा, ‘श्यामची आई’ १९५३ चा. दोन्ही याच जवळजवळ चौकोनी चौकटीतले. टीव्ही आला तो सिनेमाची हीच चौकट उचलून. म्हणून जुना डबा टीव्ही ४:३ होता.

मग अमेरिकेत लोक घरीच बसून फुकट टीव्ही बघायला लागले आणि थिएटरं ओस पडायला लागली. घरी मिळणार नाही असं काहीतरी दाखवणं भाग होतं. आंरी क्रेतियां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच एक भिंग तयार केलं होतं, जे चित्राला आडवं निम्म्यावर दाबून फिल्मवर बसवायचं. ते ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने घेतलं आणि १९५३ मध्ये ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप सिनेमा आला. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे ‘श्यामची आई’, त्याच वर्षी तिकडे हा. सुरुवातीला प्रमाण २.५५ होतं, पुढे आवाजाची पट्टी आत आल्यावर २.३५ झालं, आणि आज ज्याला स्कोप म्हणतात ते २.३९. भिंग नको असलेल्यांनी चौकोनी चित्राच्याच वर-खाली झाकून १.८५ काढलं, युरोपात १.६६ चालायचं.

स्कोपची रीळ हातात धरून उजेडाकडे पाहिलं की माणसं उंच आणि बारीक दिसतात, कारण फिल्मवर ती दाबलेली असतात. प्रोजेक्टरपुढे स्कोपची लेन्स लावली की ती पडद्यावर पुन्हा पसरतात. लेन्स बदलायला विसरलं की पहिल्या दृश्यातच शिट्ट्या. प्रेक्षकाला प्रमाण-बिमाण माहीत नसायचं, पण माणसाचा चेहरा बिघडलेला त्याला एका क्षणात कळायचा. आज मात्र घरोघरी तोच चेहरा लठ्ठ झालेला असतो आणि कोणी शिट्टी वाजवत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याकडे स्कोप आला १९५९ मध्ये, गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’पासून, छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचं. ‘शोले’ची गोष्ट आणखी गमतीची. १९७५ मध्ये तो ७० एमएम म्हणून लागला, पण चित्रित झाला होता ३५ मिलिमीटर फिल्मवर, आणि नंतर मोठा करून ७० वर छापला. ७० एमएमचं प्रमाण २.२. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दाखवली, तेव्हा हे २.२ प्रमाण मुद्दाम राखलं होतं. पन्नास वर्षांनी एवढा खर्च करून लोक ज्या चौकटीची काळजी घेतात, ती आपण रिमोटच्या एका बटणाने मोडतो.

आता तुमच्या टीव्हीचा आकार, १६:९. हा ना जुन्या सिनेमाचा, ना स्कोपचा. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने त्या वेळी वापरात असलेले सगळे आकार एकाच क्षेत्रफळाचे काढून एकमेकांवर ठेवले आणि सगळे सामावतील असा आयत शोधला. तो आला १.७७ च्या आसपास. गणितानेही तेच येतं: १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.७७ मिळतं. म्हणजे दोन टोकांच्या मधला समझोता. समझोत्यात दोघांनाही थोडं सोसावं लागतं. म्हणून जुन्या सिनेमाला डावी-उजवीकडे पट्टे आणि स्कोपला वर-खाली. १.८५ चा सिनेमा लावलात तर जेमतेम रेघ दिसेल.

तुमच्या ५५ इंची टीव्हीचं माप घेऊ. पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद, ६८.५ उंच. स्कोप सिनेमा त्यावर १२२ रुंद आणि ५१ उंच बसतो. बाकीचे साडेसतरा सेंटीमीटर पट्ट्यांत जातात, म्हणजे पडद्याचा पाव भाग. सासरे ‘पाऊण’ म्हणाले ते अगदी मोजून मापून. आता जुना ४३ इंची आठवा: त्याची उंची ५३.५. त्यावर मालिका जेवढ्या उंचीची दिसायची, त्यापेक्षा नव्या टीव्हीवरचा स्कोप सिनेमा किंचित बुटकाच आहे. मोठा टीव्ही घेऊनही मोठं वाटत नाही ते याचमुळे. दुकानात इंच सांगतात ते कर्णाचे. सिनेमाची उंची कोणी सांगत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, टीव्ही घ्यायला जाताना खिशात टेप ठेवा असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. रुंदीला २.४ ने भागा, तीच तुमच्या सिनेमाची खरी उंची.

यावर उपाय अंतराचा. आपल्याकडे हॉलमध्ये टीव्ही एका भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला, मधे अकरा-बारा फूट मोकळे. साडेतीन मीटरवरून तुमचा टीव्ही डोळ्यांसमोर जेमतेम वीस अंशांत मावतो. सिनेमासाठी निदान तीस अंश असावेत असं या धंद्यात धरतात. ५५ इंचीसाठी ते अंतर निघतं सुमारे सव्वादोन मीटर, म्हणजे साडेसात फूट. सिनेमाच्या वेळेपुरता सोफा तिथवर ओढा, नाहीतर दोन खुर्च्या पुढे घ्या. डोळे खराब होतात ही भीती डबा टीव्हीच्या काळातली आहे. ४के चित्रात तेवढ्या अंतरावरून ठिपके दिसत नाहीत. सासरेबुवांना पुढे बसवा आणि मग विचारा. मी ज्या घरी हे करून दाखवलं तिथे बहुतेक ठिकाणी पट्ट्यांचा विषय तिथेच संपला. सोफा हलवण्यावरून घरातल्या बायकांशी मात्र वाद झाले, तो भाग वेगळा.

झूमने नेमकं काय जातं? २.३९ चं चित्र १६:९ मध्ये भरलं की डावी-उजवी मिळून पाव भागाहून थोडं जास्त कापलं जातं. पूर्वी डबा टीव्हीवर भरायचे तेव्हा तर तब्बल ४४ टक्के जायचं. त्या काळी एक माणूस बसून ठरवायचा की चौकट आता डावीकडे न्यायची की उजवीकडे. त्याला पॅन अँड स्कॅन म्हणत. एका टोकाला नायक, दुसऱ्या टोकाला नायिका असलं तर एकालाच दाखवता यायचं, किंवा मधल्या भिंतीकडे बघत संवाद ऐकायचे. श्रेयनामावलीत सगळी माणसं उंच-बारीक दिसायची आणि नावं संपली की एकदम नीट व्हायची, आठवतं? नावं मावावीत म्हणून तेवढं चित्र दाबलेलं असायचं. पण त्या काळच्या लोकांना मी दोष देत नाही. २१ इंची डब्यावर स्कोप सिनेमा पूर्ण दाखवला असता तर तो १८ सेंटीमीटर उंच झाला असता, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. व्हीसीडीत चित्राच्या एकूण ओळीच २८८. त्यात पट्टे ठेवले की सिनेमाला उरायच्या सुमारे १६०. तेव्हा कापण्यात थोडा तरी अर्थ होता. ५५ इंची ४के टीव्हीवर काहीच अर्थ नाही. शिवाय तुमच्या मुलाचं झूम आंधळं आहे: कोण बोलतंय हे न बघता ते दोन्ही बाजू सारख्याच छाटतं, आणि वर-खाली ताणताना सबटायटल पडद्याबाहेर ढकलतं.

मुलगा बहुधा यावर म्हणेल की नेटवर अमुक सिनेमाची पडदाभर प्रत आहे आणि तिच्यात उलट जास्त दिसतं. तो खोटं बोलत नाही. काही सिनेमे फिल्मवर पूर्ण उंचीने चित्रित होतात आणि थिएटरसाठी वर-खाली झाकले जातात. ते झाकण काढून छापलेल्या प्रतीला ओपन मॅट म्हणतात. ‘टायटॅनिक’ असाच, सुपर ३५ पद्धतीने चित्रित झालेला. त्याच्या जुन्या चौकोनी कॅसेटमध्ये अनेक दृश्यांत वर-खाली जास्त दिसायचं. पण जास्त दिसणं म्हणजे चांगलं दिसणं नव्हे. छायाचित्रकाराने जे चौकटीबाहेर ठेवलं, त्यात रिकामं आभाळ असतं, कधी वरून लोंबणारा माईक असतो. आयमॅक्सची गोष्ट निराळी: तिथे दिग्दर्शक स्वतःच काही दृश्यं उंच चौकटीत काढतो, ‘द डार्क नाइट’मध्ये २००८ साली तसं झालं, आणि घरच्या ब्लू-रे प्रतीतही त्या दृश्यांत पट्टे आपोआप गायब होतात. तेव्हा टीव्ही बिघडला म्हणून मला फोन करू नका.

जुन्या मराठी सिनेमातल्या लठ्ठ माणसांकडे येऊ. हा गुन्हा मला झूमपेक्षा मोठा वाटतो. झूम कापतं, पण जे उरतं ते खरं असतं. स्ट्रेच, म्हणजे चौकोनी चित्र पडदाभर आडवं ताणणारं सेटिंग, प्रत्येक माणसाला ३३ टक्के रुंद करतं. परीक्षा सोपी आहे. एखाद्या बाईच्या कपाळावरचं गोल कुंकू बघा. आडवं लंबुळकं दिसलं की चित्र ताणलेलं आहे. ४:३ वर ठेवलंत की दोन्ही बाजूंना साधारण पंधरा-पंधरा सेंटीमीटर काळं दिसेल आणि मधे ९१ सेंटीमीटर रुंद, ६८ उंच चित्र. ज्या २१ इंची डब्यावर सासरेबुवांनी हे सिनेमे पाहिले त्याची उंची ३२ होती. दुपटीहून मोठं मिळतंय, आणि तेही धडधाकट चेहऱ्यांचं.

पट्टे खटकण्याचं आणखी एक कारण म्हणजे ते काळे नसून राखाडी दिसतात. एलईडी टीव्हीच्या मागे दिवा जळतच असतो आणि त्याचा उजेड काळ्यातून झिरपतो. दुकानातल्या झगमगाटासाठी ठेवलेला व्हिव्हिड मोड घरीही तसाच चालू असला तर जास्तच. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने तो आणला. तो चित्राचं मूळ प्रमाण राखतो आणि हालचाल गुळगुळीत करून सिनेमाला मालिकेची कळा आणणारी सोयही बंद करतो. तो नसेल तर सिनेमा मोड लावून बॅकलाइट उतरवा. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या लागतातच. कूलरच्या घरघरीत आवाज वाढवावा लागतो हे खरं, पण त्या अंधारात पट्टे भिंतीत विरून जातात. हिवाळ्यात टट्ट्या निघाल्यावर जाड पडदे लावा. ओएलईडी टीव्हीत पट्टे मुळातच पूर्ण काळे असतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

ज्यांना टॉकीजसारखंच हवं, उंची तीच आणि स्कोपला रुंदी जास्त, त्यांनी प्रोजेक्टर घ्यावा आणि पडदा २.३५ चा लावावा. मग १६:९ किंवा जुना सिनेमा मधे बसतो आणि स्कोप दोन्हीकडे पसरतो. पण त्यासाठी झूमची जागा लक्षात ठेवणारा प्रोजेक्टर, पूर्ण अंधाराची खोली आणि बरेच पैसे लागतात. हॉलमध्ये ट्यूबलाइट लावून बघणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता प्रत्यक्ष सेटिंग. बहुतेक घरांत घोळ दोन ठिकाणी असतो, टीव्हीत आणि सेट-टॉप बॉक्समध्ये, आणि लोक एकाच ठिकाणी शोधतात. आधी बॉक्सच्या मेन्यूत जा. टीव्हीचा आकार ४:३ ठेवलेला सापडला तर १६:९ करा. जुन्या चॅनलसाठी ताणणारा पर्याय न घेता बाजूला पट्टे ठेवणारा घ्या. मग टीव्हीवर पिक्चर साइज: कुठे ‘ओरिजिनल’ लिहिलेलं असतं, कुठे १६:९, एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’. हे नाही केलं तर टीव्ही जुन्या सवयीने चारही कडा थोड्या थोड्या कापतो. चॅनलचा लोगो कोपऱ्यात अर्धवट दिसत असेल तर हेच कारण. अनेक टीव्ही हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळं लक्षात ठेवतात, तेव्हा बॉक्स, स्टिक आणि डीव्हीडी प्लेअर तिन्हींसाठी एकदा-एकदा करून ठेवा.

झूमचं बटण एकाच ठिकाणी हक्काने वापरा. जुन्या डीव्हीडींमध्ये, आणि काही जुन्या चॅनलांवर, सिनेमा पट्ट्यांसकट ४:३ चौकटीत छापलेला असतो. तो नव्या टीव्हीवर चारही बाजूंनी काळा येतो आणि मधे लहानसं चित्र. तिथे झूम केलं तर फक्त छापलेले पट्टे कापले जातात, चित्रातलं काही जात नाही. अशा डीव्हीडींवर सबटायटल खालच्या पट्टीत असतील तर तेवढे मात्र जातील. मग झूम सोडा आणि लहान चित्रावर भागवा. सासरेबुवांना बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं मोठी हवी असतील तर तिथेही खुशाल झूम करू द्या. फक्त सिनेमा लावण्याआधी काढायला सांगा.